दारातली येझदी आणि दारातली सीमा

२०२० साली गुढीपाडवा २५ मार्चला होता. आदल्या रात्री आठ वाजता पंतप्रधान दूरदर्शनवर बोलले आणि रात्री बारापासून देशभर २१ दिवसांची टाळेबंदी सुरू झाली. साडेतीन मुहूर्तांपैकी एक असलेला पाडवा हा टाळेबंदीचा पहिला दिवस ठरला. आमच्या बोरगावात त्या सकाळी घरोघरी गुढ्या उभ्या राहिल्या, कडुलिंब वाटला गेला, पण रस्त्यावर एकही नवी गाडी आली नाही. एरवी पाडव्याच्या दुपारी हळद-कुंकवाची बोटं ओढलेल्या, हँडलला झेंडूचा हार घातलेल्या कोऱ्या मोटारसायकली देवळापुढे रांगेने उभ्या असतात. नवी गाडी आणायचा आमच्याकडचा दिवस तोच.

त्या वर्षी तर गाड्यांच्या दुकानांत नेहमीपेक्षा जास्त धांदल होती. ३१ मार्चनंतर बीएस-४ प्रकारच्या गाड्या विकता किंवा नोंदवता येणार नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये दिला होता. उरलेला माल खपवायला सवलती जाहीर झाल्या होत्या. पाडव्यावर सगळ्यांची मदार होती, आणि पाडव्यालाच दुकानांना कुलूप लागलं. २७ मार्चला न्यायालयाने उरलेल्या मालापैकी दहा टक्के गाड्या टाळेबंदी उठल्यावर दहा दिवसांत विकायची मुभा दिली. जुलैमध्ये तीही मागे घेतली. २६ एप्रिलची अक्षय्य तृतीयाही बंद दारांमागेच गेली. एप्रिल महिन्यात देशातल्या बड्या कंपन्यांची देशांतर्गत विक्री शून्य झाली.

आमचे थोरले बंधू, ज्यांना सारं घर आणि निम्मं गाव दादा म्हणतं, त्यांना या नव्या गाड्यांचं सुतक नव्हतं. त्यांचा जीव जुन्या गाड्यांत. आमच्या सोप्यात तेव्हा तीन मोटारसायकली होत्या आणि आहेत: काकांची बुलेट, अण्णांची येझदी आणि दादांची स्वतःची आरएक्स-१००. टाळेबंदीत आम्ही सगळे एका छपराखाली अडकलो, आणि त्या तीन गाड्यांभोवती दादांचे दिवस कसे गेले ते रोज पाहिलं. ते लिहून ठेवावं असं वाटलं, कारण त्या दिवसांत आमच्या भागाचा मागच्या साठ-सत्तर वर्षांचा इतिहास सोप्यातल्या त्या तीन गाड्यांतून आमच्यासमोर उलगडत गेला.

बोरगाव कर्नाटकात आहे. पूर्वी चिकोडी तालुक्यात होतं, आता निपाणी तालुक्यात. उत्तरेला हुपरी, रेंदाळ, इचलकरंजी ही गावं महाराष्ट्रात. मोटारसायकलवर बसलं की अर्ध्या तासात माणूस इचलकरंजीच्या यंत्रमागांच्या खडखडाटात पोचतो. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली आणि बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. पुढचा लढा, १९६६ चा महाजन आयोग, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला दावा हे सगळं आपल्या मंडळातल्या जुन्या कुटुंबांना सांगायला नको. पण एक गोष्ट बाहेरच्यांच्या ध्यानात येत नाही. ही सीमा नकाशावर होती, सरकारी फलकांवर होती, मोर्चात होती. रोजच्या येण्याजाण्यात ती नव्हती. शाळा एकीकडे, दवाखाना दुसरीकडे. ऊस इकडे, कारखाना तिकडे. लेक तिकडे, माहेर इकडे. आणि ही सगळी जोडणी एसटीइतकीच मोटारसायकलवर चालत होती.

सोप्यातल्या तीन गाड्या

काकांची बुलेट ही फौजी गाडी. काका मराठा लाइट इन्फंट्रीत होते, आणि त्या रेजिमेंटचं केंद्र बेळगावातच. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला भारतीय लष्कराने सरहद्दीवरच्या गस्तीसाठी बुलेट निवडली. मग १९५५ मध्ये मद्रासेत एन्फिल्ड इंडिया उभी राहिली आणि ही इंग्रजी गाडी आपल्याकडे तयार होऊ लागली. म्हणजे बुलेट या देशात आली तीच मुळी सीमा राखायला. निवृत्त होऊन गावी आलेल्या फौजीच्या दारात बुलेट उभी राहणं हे आमच्याकडे पेन्शनच्या कागदाइतकंच पक्कं. काकांची गाडी जुन्या घाटाची आहे. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. ती चालू करायला आधी अँपिअरची सुई मध्यावर आणायची, छोटा दांडा दाबून इंजिनाचा दाब सोडायचा, आणि मगच किक. घाई केली तर किक उलटी बसते आणि नडगी फुटते. दादा म्हणतात, या गाडीने आम्हाला धीर धरायला शिकवलं.

येझदी आमच्याच राज्याची. रुस्तम आणि फारूख इराणी यांच्या आयडियल जावा कंपनीने म्हैसुरात १९६० च्या सुमारास कारखाना काढला आणि चेकोस्लोव्हाकियाच्या जावाच्या धर्तीवर गाड्या बनवल्या. १९७३ मध्ये तिचं नाव येझदी झालं. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला म्हैसूर राज्याचं कर्नाटक झालं. अण्णा गमतीने म्हणायचे, "राज्याचं नाव बदललं, गाडीचंबी बदललं, आमचंच तेवढं जुनं ऱ्हायलं." या गाडीची किक आणि गिअर यांचा दांडा एकच, किक मारून तोच आत वळवायचा आणि गिअरला वापरायचा. सिलिंडर एक, पण सायलेन्सर दोन. चेन लोखंडी डब्यात पूर्ण झाकलेली, त्यामुळे आमच्या चिखलाच्या रस्त्यांना ती पुरून उरली. अण्णांनी ती १९७६ मध्ये तंबाखूच्या पट्टीच्या पैशातून घेतली.

आरएक्स-१०० ही दादांच्या तरुणपणाची. १९८५ मध्ये ती भारतात आली आणि १९९६ मध्ये बनायची थांबली. म्हैसूरचा येझदीचा कारखाना बंद पडला तेही १९९६ सालीच. दादा ते साल घरातल्या माणसाच्या श्राद्धाच्या तिथीसारखं लक्षात ठेवतात.

वैरण चुकवायची नसते

टाळेबंदीतला दादांचा दिवस साडेपाचला सुरू व्हायचा. आधी गोठा, मग सोपा. दूध आणि शेती यांना मोकळीक होती, त्यामुळे जनावरांचं आणि ऊसाचं काम थांबलं नव्हतं. सात वाजता डेअरीकडे किटल्या लटकवून जाणाऱ्या गाड्यांचा आवाज यायचा; गावात तेवढीच हालचाल. मग दादा गाड्यांवरच्या चादरी काढायचे.

उभी गाडी बिघडते हे पुष्कळांना त्याच वर्षी कळलं. बॅटरी उतरते. कार्बोरेटरच्या वाटीत राहिलेलं पेट्रोल उडून जातं आणि खाली डिंकासारखा थर धरतो, त्याने बारीक जेट बुजतात. टायर एकाच जागी दबून राहतो. टाकी अर्धी रिकामी असेल तर आतल्या हवेतला ओलावा पत्र्याला धरतो आणि गंज चढतो. उंदीर वायरी कुरतडतात. दादांनी सोप्याच्या भिंतीवर कॅलेंडर टांगलं होतं आणि त्यावर वार वाटून दिले होते: सोमवारी बुलेट, गुरुवारी आरएक्स. गाडी दुहेरी स्टँडवर घ्यायची, चाकं हाताने फिरवायची, इंजीन दहा मिनिटं चालवून नीट तापू द्यायचं, मग पेट्रोलचा कॉक बंद करून वाटीतलं पेट्रोल संपेपर्यंत ते आपोआप विझू द्यायचं. चाक मात्र उंबऱ्याबाहेर न्यायचं नाही. शेजारच्या पोरांनी विचारलं, "दादा, जायचं कुठं न्हाई तर चालू कशापायी करता?" तर त्यांचं उत्तर ठरलेलं: "गाडी म्हंजे जनावर हाय. दावणीला बांधलंय म्हणून वैरण चुकवायची नसती."

पेट्रोलचा हिशेब मात्र काटेकोर. सरकारी माणसं, दवाखान्याची माणसं, दूधवाले यांना ते मिळालं पाहिजे म्हणून दादांनी पंपावर पाऊल टाकलं नाही. बुलेटच्या भरलेल्या टाकीतलं तिघींत वाटून घेतलं. २० एप्रिलला अमेरिकेच्या बाजारात कच्च्या तेलाचा भाव शून्याखाली गेल्याची बातमी आली तेव्हा सोप्यात हशा झाला. ५ मे च्या रात्री केंद्र सरकारने पेट्रोलवरचं उत्पादन शुल्क लिटरमागे १० रुपयांनी वाढवलं आणि तो हशा थांबला. जगभरच्या मोटारसायकलवेड्यांची त्या दिवसांत हीच गत होती. आयल ऑफ मॅन बेटावरची टीटी शर्यत ही त्यांची पंढरी. दोन महायुद्धं आणि २००१ ची गुरांची साथ एवढ्यांनीच पूर्वी ती थांबली होती. २०२० मध्ये ती पुन्हा रद्द झाली. आमच्याकडे चैत्रात जोतिबाची यात्रा रद्द झाली, आणि दादांना दोन्हींचं दुःख सारखंच झालं.

दुपारचं काम येझदीचं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, पंचगंगा, दूधगंगा, वेदगंगा सगळ्यांनाच महापूर आला होता. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि कोल्हापूर तुटलं होतं. आमच्या मळ्यातल्या खोपीत पाणी शिरलं आणि तिथे उभी असलेली येझदी हँडलपर्यंत बुडाली. पूर ओसरल्यावर ती घरी आणली, पण पीक गेलेल्या वर्षात गाडीकडे बघायला कुणाला सवड होती? ती तशीच सहा-सात महिने कोपऱ्यात पडून होती. टाळेबंदीने सवड दिली.

जुनी चादर अंथरून दादांनी एकेक भाग सोडवायला घेतला. चेनच्या ज्या डब्याने चाळीस वर्षं चिखल बाहेर ठेवला, त्यात पुराचा गाळ गच्च भरून वाळला होता. तो खुरप्याच्या टोकाने काढावा लागला. गिअरबॉक्समधलं ऑइल दुधाच्या चहासारखं झालेलं. पिस्टन सिलिंडरमध्ये धरून बसला होता. प्लगच्या भोकातून रॉकेल आणि डिझेल ओतायचं, रात्रभर ठेवायचं, सकाळी किक हलकेच दाबून बघायची. जोर करायचा नाही. असं अकरा दिवस चाललं. बाराव्या दिवशी दांडा बोटभर खाली गेला तेव्हा दादांनी वहिनींना स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावलं. कोल्हापूर आणि इचलकरंजीची दुकानं बंद, तेव्हा गॅसकेट कुठून आणायचे? चपलांच्या खोक्याचा पुठ्ठा भागावर ठेवून कडेने हातोडीने हलके ठोकत कापून काढले. प्लॅटिनमचे पॉइंट पॉलिशपेपरने घासले. ज्या मेस्त्रींकडे दादा हे सगळं शिकले ते व्हिडिओ कॉलवरून इंजिनाचा आवाज ऐकून पुढचं सांगायचे.

अण्णांची वही

येझदीच्या बाजूच्या डब्यात अण्णा एक वही ठेवायचे. पुराआधी ती घरी राहिली होती म्हणून वाचली. कुठल्या दिवशी किती पेट्रोल, किती मैल, कशासाठी गेलो, असा रोजचा हिशेब. टाळेबंदीतल्या संध्याकाळी आम्ही ती ओटीवर बसून वाचून काढली. निपाणी, तंबाखूचा बाजार. इचलकरंजी, सूत आणि बहिणीकडे मुक्काम. नृसिंहवाडी, पौर्णिमा. कोल्हापूर, दवाखाना. आदमापूर, बाळूमामा. बेळगाव, कोर्ट. पंचवीस वर्षांच्या त्या नोंदींत कर्नाटक हा शब्द नाही, महाराष्ट्र हाही नाही. अण्णा १९५८ मध्ये सत्याग्रहाला गेलेले, सीमालढ्याचे कट्टर माणूस. पण गाडीवर बसल्यावर त्यांच्या लेखी फक्त गावं होती आणि गावांमधली अंतरं होती.

"रस्ता बंद" असे शब्द त्या वहीत एकदाच येतात, १९८१ च्या मार्चमध्ये. तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली निपाणीजवळ शेतकऱ्यांनी पुणे-बंगलोर महामार्ग रोखून धरला, तो तीन आठवड्यांहून जास्त. ६ एप्रिलला तिथे गोळीबार झाला आणि शेतकरी मारले गेले. अण्णांच्या नोंदी तेव्हाही थांबत नाहीत: भाकरी घेऊन गेलो, भाकरी घेऊन गेलो. गावागावांतून शिदोऱ्या गोळा करून आडवाटेने आंदोलकांपर्यंत पोचवायचं काम येझदी करत होती. रस्ता तेव्हा माणसांनी माणसांसाठी अडवला होता, आणि मोटारसायकलला वाट होती.

त्याही मागची आठवण आमच्या आजीकडून आलेली. तिच्या सासूने प्लेग पाहिला होता. १८९६ मध्ये मुंबईत सुरू झालेला प्लेग पुढच्या एक-दोन वर्षांत बेळगाव-धारवाडकडे पसरला. स्टेशनांवर उतारूंना उतरवून तपासत. उंदीर पडले की गाव रिकामं व्हायचं, माणसं शेतात खोपी घालून महिनोन्‌महिने राहायची. त्या वेळी, ४ फेब्रुवारी १८९७ ला, इंग्रज सरकारने साथीच्या रोगांचा कायदा केला. अवघ्या चार कलमांचा. २०२० मध्ये कर्नाटक आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांनी आदेश काढले ते याच सव्वाशे वर्षांच्या कायद्याचा आधार घेऊन. एक फरक मात्र झाला. प्लेगमध्ये सरकारने माणसाला घराबाहेर काढलं, या वेळी घरात बसवलं.

काटेरी फांदीच्या दोन बाजू

इचलकरंजीला आमची आत्ती होती, अण्णांची धाकटी बहीण. वय ऐंशीच्या पुढे. वहीतल्या "बहिणीकडे मुक्काम" या नोंदी तिच्याच. लग्न होऊन गेल्यापासून दर वर्षी गौरीला ती माहेरी यायची. आधी एसटीने, १९७६ पासून अण्णांच्या येझदीवर, अण्णा गेल्यावर दादांच्या मागे बसून. नऊवारीचा काष्टा सावरून, एका बाजूला पाय सोडून, मांडीवर डबा. दादा वेगात घेतील तर पाठीत बुक्की.

टाळेबंदीत महामार्गावर कोगनोळीला तपासणी नाका बसला. आतल्या रस्त्यांवर कुठे मुरमाचे ढीग, कुठे बांबू, कुठे बाभळीच्या फांद्या. नंबरपट्टी हीच माणसाची ओळख झाली. केए-२३ म्हणजे तिकडचा, एमएच-०९ म्हणजे इकडचा. ज्या लोकांनी साठ वर्षं ही सीमा खोटी आहे म्हणून घोषणा दिल्या, त्यांच्याच गावांच्या वेशीवर ती आता हाताने चाचपता येत होती. भीती दोन्हीकडे होती, आणि तिला कारणही होतं. साथ खरीच होती, माणसं मरत होती. कुणा एकाला दोष द्यावा असं ते दिवस नव्हते.

आत्तीची रक्तदाबाची एक गोळी तिकडे मिळेना. ती निपाणीत मिळाली. एप्रिलमध्ये दोनदा दादा परवानगी काढून, तोंडाला पंचा बांधून आरएक्सवरून वेशीपर्यंत गेले. तिकडून आतेभाऊ आला. मधे बाभळीची फांदी. दोन मोटारसायकली तोंडाला तोंड लावून उभ्या, एकीच्या पट्टीवर केए, दुसरीच्या पट्टीवर एमएच. काठीच्या टोकाला पिशवी अडकवून पलीकडे दिली. परतीची पिशवी आली तिच्यात आत्तीने पाठवलेले कुरडयांचे तुकडे होते.

१८ मे ला कर्नाटकाने महाराष्ट्रासह काही राज्यांतून येणाऱ्यांना महिनाअखेरपर्यंत मनाई केली. त्याच आठवड्यात आत्ती गेली. कोरोनाने नव्हे, वयाने, रात्री झोपेत. पहाटे फोन आला. जायचं म्हटलं तर परवानगीला दिवस लागणार, गेलं तर परत येता येणार नाही, आणि घरात म्हातारी आई. दादा सोप्यात गेले, आरएक्सवरची चादर काढली, किल्ली लावली आणि उभे राहिले. बराच वेळ तसेच उभे होते. मग चादर पुन्हा घातली. आत्तीला पोचवलं ते आम्ही मोबाइलच्या चार बोटांच्या पडद्यावर पाहिलं. माहेरची साडी नेता आली नाही. अर्ध्या तासाच्या अंतरावरची माणसं आम्ही, पण प्लेगमध्येही आमच्या घराला अशी गोष्ट करावी लागली होती असं कुणी सांगितलेलं नाही.

त्या दिवसानंतर दादा दुपारी एकटेच येझदीचं काम करू लागले. आम्ही कुणी विचारलं नाही.

गौरीची वाट

जून-जुलैमध्ये दुकानं उघडली, पिस्टनच्या रिंगा मिळाल्या. १५ ऑगस्टच्या आसपास येझदीने पहिला धूर सोडला. दोन्ही सायलेन्सरमधून निळसर, टू-टी ऑइलच्या वासाचा. आईने आतून विचारलं, "अण्णा आले काय रं?" आणि मग स्वतःच गप्प झाली.

त्या वर्षी गणेशचतुर्थी २२ ऑगस्टला होती. सार्वजनिक मूर्ती लहान, मिरवणूक नाही, आरतीला चार माणसं. नेमक्या त्याच तारखेला केंद्रीय गृहसचिवांनी सगळ्या राज्यांना पत्र लिहिलं की राज्याराज्यांतल्या आणि राज्याच्या आतल्या वाहतुकीवर बंधनं घालू नयेत. २४ तारखेला कर्नाटकाने बाहेरून येणाऱ्यांसाठीची नोंदणी आणि विलगीकरणाची अट काढून टाकली. २५ ला, मंगळवारी, गौरी यायच्या होत्या.

मंगळवारी सकाळी दादांनी येझदी अंगणात घेतली. पुसली, हळद-कुंकू लावलं. पाडव्याचं राहिलेलं होतं. मग इचलकरंजीला गेले आणि दोन तासांनी परत आले. मागे आत्तीची लेक बसली होती. तीही आता साठीची. मांडीवर डबा होता. वहिनींनी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं, आणि माहेरवाशीण म्हणून तिला घरात घेतलं. आत्तीच्या जागी ती गौरीपुढे बसली.

सीमा पुन्हा उठली आणि पुन्हा बसली. २०२१ मध्ये कोगनोळीच्या नाक्यावर तपासणीचे दाखले मागितले गेले, गाड्यांच्या रांगा लागल्या, माणसं परत फिरली. न्यायालयातला दावा अजून आहे. पण अण्णांची वही आता येझदीच्या डब्यात परत गेली आहे, प्लॅस्टिकच्या पिशवीत. तिच्यातली शेवटची नोंद दादांच्या हातची आहे. त्यांनीही राज्याचं नाव लिहिलेलं नाही: "इचलकरंजी. गौर आणली."